मेणाआड

मंगळवेढ्याच्या इतिहासात दोन माणसं फार मोठी झाली आणि दोघांच्या नोकरीचं काम एकच होतं: दुसऱ्यानं साठवलेलं सांभाळायचं. बाराव्या शतकात कलचुरी बिज्जलाच्या पदरी बसवेश्वर इथं हिशेब लिहीत होते आणि पुढं भांडारावर चढले. काही शतकांनी, बहामनी अमदानीत, इथल्या सरकारी कोठारांचा कारभार दामाजीपंतांकडं आला. दोघांवर आळही सारखाच आला. बसवेश्वर खजिना जंगमांवर उधळतात अशी चहाडी राजाच्या कानी गेली. दामाजीपंतांनी दुष्काळात कोठारं उघडून धान्य वाटलं म्हणून बिदरहून बोलावणं आलं. परंपरा सांगते, की खजिना मोजला तर पैसुद्धा कमी भरली नाही, आणि दामाजीपंतांची रक्कम खुद्द विठोबानं विठू महाराच्या रूपात बिदरला जाऊन पोचती केली. असं ऑडिट आता होत नाही. पण ज्या गावानं पूजनीय मानले ते दोघंही कोठीचं दार उघडणारे, त्या गावात खाण्याची एखादी वस्तू सहा महिने कुणालाही हात न लावू देता ठेवायची म्हणजे काय प्रसंग असेल, याचा विचार करा. आमच्या घरात यंदा तोच प्रसंग आहे. पुतणीनं चीज केलंय.

पुतणी उदगीरच्या डेअरी टेक्नॉलॉजी कॉलेजात शिकून आली. तिच्या बरोबरीची मुलं मोठमोठ्या डेअऱ्यांत लागली. हिला गावातच काहीतरी करायचं होतं. गावात दुधाला तोटा नाही. आमच्या भागातली म्हैस पंढरपुरी. तिची शिंगं खांद्याच्या मागं जातात, त्यामुळं गोठ्याच्या दारातून आत यायचं तर ती आधी मान वाकडी करते, एक शिंग आत घेते, थांबते, मग दुसरं घेते. कोल्हापुरात कट्ट्यावर उभं राहून लोक धारोष्ण दुधाचे ग्लास रिचवतात, तिथं समोर बऱ्याचदा हीच म्हैस उभी असते. दूध दाट, फॅट 7 टक्क्यांच्या पुढं. गाय चाऱ्यातलं कॅरोटीन थेट दुधात उतरवते म्हणून तिचं चीज पिवळसर होतं. म्हैस त्याचं आधीच जीवनसत्त्व ‘अ’ करून मोकळी होते, म्हणून हिचं चीज पांढरं शुभ्र. 10 लिटर दुधाला दीड किलोच्या आसपास गोळा पडतो. बाकीचं सगळं निवळीच्या रूपानं वाहून जातं, आणि तेवढी निवळी कणकेत, आमटीत आणि शेवटी म्हशीच्या आंबोणात कशी मुरवायची, यावर घरातल्या बायकांनी आठवडाभर डोकं चालवलं.

घरात आणखी एक अधिकारी व्यक्ती आहे, ती म्हणजे माझी आत्या. वय ऐंशीच्या पुढं, गळ्यात तुळशीची माळ, आणि कान अजून शाबूत. चीज म्हटल्यावर तिनं पहिला प्रश्न विचारला तो थेट मर्मावर बोट ठेवणारा होता. “दूध कशानं बांधतीस?” पुतणीनं सांगितलं, रेनेटनं. पूर्वी ते वासराच्या पोटातून काढायचे, हेही प्रामाणिकपणे सांगून टाकलं. आत्यानं हातातली वाती वळायची ताटली खाली ठेवली. मग पुतणीनं घाईघाईनं बाटली आणली, हिरवा ठिपका दाखवला, आपल्याकडं वापरतात ते बुरशीपासून केलेलं असतं हे समजावलं. आत्यानं चष्मा लावून ठिपका नीट पाहिला. “बुरशी म्हंजे पावसाळ्यात लोणच्यावर येती तीच न्हवं?” तीच नव्हे, तिच्या नात्यातली, असं ठरल्यावर परवानगी मिळाली.

पण आत्याचं आणि चीजचं खरं वाजलं ते पुढं, वाळवणावरून. हे सगळं चाललं होतं ऐन उन्हाळ्यात. गच्चीवर कुरडया, सांडगे, पापड यांची पथारी पसरलेली. सोलापूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा 42-43 वर सहज जातो आणि हवेत ओलावा नावाला नसतो. आमच्याकडं एखादी वस्तू टिकवायची म्हणजे तिच्यातलं पाणी काढून घ्यायचं, एवढा एकच धडा पिढ्यान्‌पिढ्या गिरवलेला आहे. सांडगा कडकडीत झाला की वर्षाची निश्चिंती. चीजचं शास्त्र नेमकं उलटं. त्याचं वरचं अंग कोरडं व्हायला हवं, बोटाला ओल लागू नये इतकं. पण आतली ओल जाता कामा नये. ती गेली तर आतले जिवाणू काम सोडून देतील आणि गोळा भेगाळून जाईल. पुतणीनं गोळे दोन-तीन दिवस फ्रीजमध्ये जाळीवर उलटेपालटे करत ठेवले. आत्या रोज विचारायची, “वर उन्हात टाकू का? दोन तासांत वाळंल.” तिच्या आवाजात आपुलकी होती, त्यामुळं नकार देणं फारच अवघड जायचं.

मेण इथं येतं. कोरड्या झालेल्या गोळ्याला मेणाचं आवरण दिलं की ओल आत राहते, बुरशी बाहेर राहते आणि आतल्या जिवाणूंना हवेची गरज नसल्यामुळं त्यांचं काम चालू राहतं. युरोपात गोळ्याला कापड गुंडाळून त्यावर डुकराची चरबी चोळायचीही रीत आहे. ती आम्ही आत्याला सांगितली नाही.

मेण मागवलं ते लाल, चीजसाठीचं खास. त्यात पॅराफिनबरोबर मायक्रोक्रिस्टलाइन नावाचं दुसरं मेण असतं. दोन्ही खनिज तेलातूनच निघतात, पण दुसऱ्याचे कण फार बारीक, त्यामुळं ते लवचीक राहतं. नुसतं मेणबत्तीचं पॅराफिन गार झालं की आकसतं, ठिसूळ होतं आणि गोळा जरा हलवला की तडकतं. तडकलं की बुरशीला दार उघडं. कुरिअरवाल्यानं आमचं पार्सल आणून दिलं तेव्हा खोक्याचा चौकोनी आकार नाहीसा झालेला होता. भर उन्हात कुठल्याशा पत्र्याच्या गाडीत पडून मेणाच्या विटा एकमेकींत मिसळून खोक्याच्या कोपऱ्यात जाऊन बसल्या होत्या. वितळवायच्याच होत्या म्हणा. अर्धं काम सोलापूरच्या उन्हानं आगाऊ करून ठेवलं, तेही फुकटात.

आता पातेलं. मेण एकदा ज्या पातेल्यात वितळवलं त्यात पुन्हा स्वयंपाक नाही, मोरीत ते धुवायचंही नाही, कारण मेण नळीत जाऊन थिजलं तर प्लंबर बोलवावा लागतो. म्हणजे एक पातेलं कायमचं सोडून द्यायचं. मराठी घरातून जुनं पातेलं असं बाहेर निघतं होय? प्रत्येकावर नाव घातलेलं. हे माहेरचं, ते बारशाचं, ते अमक्यांच्या वास्तुशांतीचं. कपाटातून एकेक बाहेर आलं आणि प्रत्येकाची बाजू मांडली गेली. शेवटी ‘सप्रेम भेट’ एवढंच वाचता येतं आणि पुढचं नाव घासून घासून गेलेलं आहे, असं एक सापडलं. त्याची बाजू घ्यायला कुणीच नव्हतं. ते मेणाला गेलं.

मेणाची पहिली अट म्हणजे त्याला थेट आचेवर ठेवायचं नाही. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात हे पातेलं, खाली बारीक गॅस. पॅराफिन 60 अंशांच्या अलीकडं-पलीकडं वितळतं आणि तोवर ते गरीब असतं. पण तापत तापत 200 च्या आसपास गेलं की त्याची वाफ पेट घेऊ शकते. दूध उतू जाण्याआधी वर येऊन सूचना तरी देतं, मेण काही सांगत नाही. खाली उकळतं पाणी असलं की ते 100 च्या वर जाऊच शकत नाही, एवढ्यासाठी हा दुहेरी खटाटोप. चुकून पेटलंच तर पाणी ओतायचं नाही. पाणी मेणापेक्षा जड, ते तळाशी जातं, तिथं त्याची वाफ होते आणि पेटतं मेण घरभर उडतं. झाकण टाकायचं आणि गॅस बंद करायचा. त्याच कारणानं पातेल्यात पाण्याचा थेंबसुद्धा पडू द्यायचा नाही. पुतणी हे सगळं मला मोबाइलवरून वाचून दाखवत होती, कारण गॅसपाशी मी उभा होतो.

आत्या खुर्चीत बसून ऐकत होती. ऐकता ऐकता म्हणाली, “ह्यात नवं काय? कुंकवाचं मेण आसंच करत्यात.”

ही गोष्ट मी विसरूनच गेलो होतो. टिकल्यांची पाकिटं येण्याआधी कपाळावर कुंकू टिकायचं ते मेणावर. करंड्याच्या एका बाजूला मेणाची चिमुकली डबी असायची. बोटाच्या टोकानं मेण घ्यायचं, कपाळावर गोल लावायचं आणि त्यावर कुंकवाचं बोट टेकवायचं. कुंकू आमच्या जिल्ह्याला परकं नाही. करमाळ्याकडचं केम गाव कुंकवासाठीच ओळखलं जातं आणि पंढरपुरात बुक्क्याशेजारी त्याच्या राशी लागलेल्या असतात. पण मेण घरीच व्हायचं. पोळी काढणारे लोक दारावर यायचे, त्यांच्याकडून आग्या मोहोळाच्या मेणाचा काळपट गोळा घ्यायचा. तो पाण्यात टाकून उकळायचा, फडक्यातून गाळायचा, गार झाला की वर पिवळी वडी जमायची आणि काडीकचरा खाली राहायचा. मग ती वडी वाटीत, वाटी गरम पाण्यात, आणि त्यात खोबरेल तेल. सगळी कला त्या तेलात. थंडीत तेल जास्त घालायचं, नाहीतर मेण बोटाला येत नाही. उन्हाळ्यात कमी, नाहीतर दुपारी बाराला कुंकू नाकाच्या शेंड्यावर येतं. मधमाशीचं मेण 62 ते 64 अंशांना वितळतं हा आकडा आत्याला ठाऊक नव्हता. चैत्रात किती तेल आणि पौषात किती, हे मात्र तिला या वयातही विचारावं.

“मंग ह्या लाल मेणात त्याल किती?” तिनं विचारलं. पुतणी थबकली. नुसतं पॅराफिनच हाताशी असेल तर ते मऊ राहावं म्हणून थोडं खाद्यतेल घालायची युक्ती घरगुती चीज करणारे खरोखरच वापरतात. पण आमचं मेण तयार मिश्रणाचं होतं, त्यात काही घालायची गरज नव्हती. आत्याला हे पटलं नाही. उन्हाळा मेणवाल्याला काय माहीत, असं तिचं म्हणणं. आणि पार्सलची अवस्था पाहिलेल्या माणसाला त्यावर फारसं बोलता येत नव्हतं.

आत्याच्या स्वतःच्या डबीतलं मेण अजून आहे. कुंकू लावायचं थांबून पुष्कळ वर्षं झाली. डबी मात्र तिनं टाकली नाही. सुईत ओवायच्या आधी दोरा त्यावरून ओढते, टाचेच्या भेगांना लावते. आयुर्वेदात तिळाच्या तेलात मेण मुरवून सिक्थतैल करतात ते याच कामाला. माझ्या टाचांकडं बघून ती डबी पुढं सरकवते आणि वर “तेवढं परत ठिव,” असं सांगते.

मेण वितळलं, पातळ लाल झालं. गोळा बुडवायचा तो अर्धा. दोन्ही हातांनी वरची बाजू धरायची, खालची मेणात सोडायची, मोजून दोन-तीन क्षण, आणि बाहेर. वर काढताना मेण त्यावरून ओघळतं, खालच्या कडेला एक थेंब जमतो, लोंबतो, पडत नाही. तो बोटानं पुसायचा मोह आवरला तर बरं, नाहीतर तिथं खळगा पडतो. चकाकणारा लाल रंग बघता बघता मंद होतो, मग त्यावर दुधी झाक येते. झाक आली की मेण धरलं. मग उलटं धरायचं आणि दुसरी बाजू. दोन बाजू जिथं मिळतात तिथं कंबरपट्टा उमटतो, आणि दगा तिथंच व्हायचा असतो. म्हणून पहिला थर पातळ, दुसऱ्या खेपेला गोळा आडवा धरून कंबर बुडवायची, तिसऱ्यांदा ब्रशनं फटी बुजवायच्या. ब्रश खऱ्या केसांचा लागतो, नायलॉनचा गरम मेणात मान टाकतो. गोळा फ्रीजमधून काढलेला गार असला तर मेण पटकन धरतं. मात्र त्यावर दव साचलं तर मेणाखाली पाणी अडकतं, आणि पुढं त्या जागी फुगा येऊन आत बुरशी वाढते. हे सगळं चाललेलं असताना पंखा बंद, कारण गॅस विझतो. बाहेर 42 अंश. चीज गार होतं, मेण गरम होतं, आणि मी चीजपेक्षा मेणाच्या बाजूला जास्त झुकलेलो होतो.

शेवटच्या थराआधी पुतणीनं कागदाची एक चिठ्ठी गोळ्यावर चिकटवली, म्हणजे ती मेणाखाली पक्की राहते. चिठ्ठीवर केल्याची तारीख आणि खाली लिहिलेलं, ‘दिवाळी’.

फरशीवर सांडलेलं मेण हा स्वतंत्र विषय आहे. शहाबादी फरशीच्या खडबडीत अंगात ते असं शिरतं की बर्फ चोळून, उलथन्यानं खरवडूनही लाल ठिपके राहतातच. साडीवर पडलं तर वर-खाली वर्तमानपत्राचा कागद ठेवून इस्त्री फिरवायची. मेण कागदात उतरतं. आमच्याकडं त्या दिवशी अग्रलेखाचं पान सगळ्यात जास्त मेण प्यायलं.

तयार झालेले दोन गोळे ओट्यावर पाटावर ठेवले आणि तेव्हा लक्षात आलं, की हे चीज राहिलं नाही. शेंदूर फासलेला म्हसोबाच तो. तसाच ओबडधोबड गोल, तसाच तांबडा, तशीच ओलसर चमक. संध्याकाळी दूध घालणारे मामा आले, त्यांनी चरवी खाली ठेवली आणि नकळत हात जोडले. सांगितल्यावर हसले, पण पुन्हा नमस्कार केलेला पाहिला मी. त्यांचं काय चुकलं? आपल्याकडं शेंदराच्या थराखाली काय आहे हे विचारायची पद्धत नाही. वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरचा सुमारे 1800 किलोचा शेंदराचा थर 2022 साली उतरवला तेव्हा आतलं मूळ रूप लोकांना दिसलं, तोवर पिढ्यान्‌पिढ्या दर्शन आवरणाचंच चाललं होतं. लाल रंगाचा हा उद्योग हॉलंडातही जुना आहे. तिकडं एडाम चीजला मेणाआधीच्या काळात लाल रंग यायचा तो दक्षिण फ्रान्सातून आणलेल्या फडक्यांनी. एका रानरोपाच्या रसात भिजवून वाळवलेली ती फडकी गोळ्यांवर चोळत. म्हणजे लाल फडकं तिकडंही होतंच, नमस्कार तेवढा नव्हता.

आता ठेवायचं कुठं? आणि इथं सल्ल्यांना पेव फुटलं. खरोखरचं पेवही त्यात निघालं. आमच्या काळ्या रानात ज्वारी साठवायला जमिनीत पेवं खणायचे: तोंड लहान, पोट मोठं, आतून कडबा लावलेला, वरून मातीनं लिंपलेलं. चांगल्या पेवात ज्वारी वर्षानुवर्षं टिके, फक्त तिला एक आंबूस वास यायचा, आणि त्या वासाच्या भाकरीचे शौकीनही असायचे. पेव फोडलं की लगेच आत उतरायचं नाही. धान्याच्या श्वासानं आत कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो. माणसं गुदमरून गेल्याच्या गोष्टी गावोगाव आहेत, म्हणून आधी कंदील सोडून बघत. शेजारच्या अण्णांचं म्हणणं, बंद, अंधारी, गार जागा हवी ना, मग याहून काय चांगलं? आंबूस वास तर तुम्हाला हवाच आहे.

अण्णांचा मुद्दा बिनतोड होता, फक्त गार हा शब्द सोडला तर. जमिनीत खोल गेलं की उन्हाळा-हिवाळा सारखाच होतो आणि तिथलं तापमान वर्षभराच्या सरासरीजवळ येऊन थांबतं. आमच्याकडं ते 27-28 अंश. चीजला हवं 10 ते 13. युरोपातल्या तळघरांचं एवढं कौतुक होतं, पण त्यात तळघराची करामत थोडी आणि हवेची जास्त; त्यांची वर्षाची सरासरीच तेवढी असते, जमीन खणली की 12 अंश फुकट. आमच्या जमिनीत खणलं तर ज्वारी टिकते. प्रत्येक मातीनं आपापलं ठरवून ठेवलेलं आहे, तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. पुण्या-मुंबईकडं आता पुष्कळ जण चीज करतात, मुंबईच्या एलेफ्थेरियाच्या ब्रुनोस्ट या निवळीच्या चीजला 2021 साली वर्ल्ड चीज अवॉर्ड्समध्ये रौप्यपदकही मिळालं. त्या सगळ्यांच्या मागं शेवटी वीज आणि यंत्रच आहे.

म्हणून आमच्या माळ्यावरचा एका दाराचा जुना फ्रीज खाली आला. त्याला बाहेरून थर्मोस्टॅट जोडून पुतणीनं 12 वर बांधला आणि आत पाण्याची वाटी ठेवली. हा फ्रीज त्या काळातला, जेव्हा फ्रीजला कुलूप असायचं. लोक त्याचं हसू करत. पण आम्हाला त्या कुलपाचा उलगडा आता झाला. मे महिन्यात घरात दुसरा फ्रीज चालू आहे हे कळल्यावर तिथं काय काय ठेवायची मागणी आली असेल! पाण्याच्या बाटल्या, आंब्याचा रस, मोगऱ्याचे गजरे, शेजारच्या नातवाचं इन्सुलिन. शेवटचं नाकारता आलं नाही, पण त्याला 12 अंश चालत नाहीत म्हणून ते आमच्या नेहमीच्या फ्रीजमध्ये गेलं. प्रत्येक वेळी दार उघडलं की आतली गार हवा पायावर सांडायची आणि पुतणीचा चेहरा उतरायचा. मुलांना तो म्हसोबा बघायचा असायचा. पाहुण्यांना दाखवायचा असायचा. वरच्या थरावर बोटं दाबून बघितल्याच्या खुणा उमटायला लागल्या.

शेवटी पुतणीनं कुलूप लावलं आणि किल्ली आत्याच्या हवाली केली. घरात सगळ्यात कडक तीच. भांडणाऱ्या पोरांना तिनं लाडू मोजून दिलेले आहेत. साखरेच्या डब्यातली साखर बोटाच्या पेरानं मापून ठेवायची तिची ख्याती. किल्ली तिच्या कनवटीला गेली आणि फ्रीजचं दार खरंच शांत झालं. आठवड्यातून एकदा पुतणी किल्ली मागायची, गोळे उलटे करायची, फडक्यानं पुसायची. एका गोळ्याला कमरेपाशी केसाएवढी चीर गेली होती, तिथं निळसर ठिपका आला. तेवढंच मेण सोलून मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं जागा पुसली, वाळवली आणि पुन्हा मेण लावलं. आत्यानं त्यावर लक्ष ठेवलं आणि चिमटीत राहिलेला लाल चुरा डबीत टाकला.

मग आषाढ आला. विजापूरकडून पंढरपूरला जाणाऱ्या वाटेवर मंगळवेढं आहे, त्यामुळं कर्नाटकातल्या दिंड्या आमच्या दारावरून जातात. आत्याला मोडकं-तोडकं कानडी येतं आणि दिंडीतल्या बायकांना तेवढंच मराठी. दोन्ही बाजूंचं विठ्ठल हे नाव पक्कं असल्यामुळं अडचण पडत नाही. त्या दुपारी मी बाजारात होतो आणि पुतणी सोलापूरला. पावसानं अडकलेली एक दिंडी पडवीत टेकली. दशमी लागायची होती, उपवास अजून लांब. चुलीवर भाकरी होत्या, ठेचा होता. भाजी मात्र एवढ्यांना पुरण्यासारखी नव्हती.

पुढचं मला शेजारच्या वहिनींनी सांगितलं. आत्यानं कनवटीची किल्ली काढली. एक लाल गोळा बाहेर आला. पडवीतल्या बायका आधी उठून उभ्या राहिल्या, दोघींनी हात जोडले, एकीनं विचारलं, “इदेनु?” आत्या म्हणाली, “दूध.” विळीवर ठेवून तिनं त्याचे दोन केले. ते बघून एका म्हाताऱ्या माळकऱ्यानं डोळे मिटून घेतले म्हणतात.

कायद्यानं मेण लावलेल्या चीजवर ‘खाण्यापूर्वी बाहेरचं आवरण काढा’ अशी सूचना छापावी लागते. ती वाचून मला हसू यायचं, की एवढं कोण अजाण असतं? वहिनींच्या म्हणण्यानुसार दोघा-तिघांनी लाल साल आधी चाखून पाहिली, प्रसादाचं म्हणून. पोटात गेलं तरी पॅराफिन पचत नाही, जसंच्या तसं बाहेर पडतं, त्यामुळं पंढरीपर्यंत काही बाधा झाली नसावी.

संध्याकाळी पुतणी आली तेव्हा ताटात तळहाताएवढा तुकडा आणि शेजारी सालींचा ढीग एवढंच शिल्लक होतं. चिठ्ठीवरचं ‘दिवाळी’ विळीनं मधोमध कापलं गेलं होतं. ती काही बोलली नाही, तिनं तुकडा मोडून तोंडात टाकला. मीही घेतला. कोवळं होतं, हे मलाही कळलं. दाताखाली रबरासारखं जरा चिवट, चव दुधाची, मागून हलकीशी आंबट, आणि मीठ किंचित पुढं. पण मालदांडीच्या भाकरीबरोबर, 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या आमच्या ज्वारीच्या त्या पांढऱ्या शुभ्र भाकरीबरोबर, ठेच्याचा झटका बसल्यावर हे तोंडात आलं की जीभ शांत होत होती. पुतणी वहीत लिहायला लागली: मीठ कमी, दाब जास्त, आणि मुरायला अजून चार महिने. “आजी, तुला माझ्यासाठी थांबता नाही आलं?” एवढंच तिनं विचारलं.

“त्यास्नी थांबता येत न्हवतं,” आत्या म्हणाली. “पंढरी गाठायची हुती.”

साली मात्र तिनं वाया घालवल्या नव्हत्या. कोमट पाण्यात धुऊन, पुसून, फडक्यात बांधून ठेवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी ‘सप्रेम भेट’ पुन्हा पाण्यात बसलं, मेण वितळलं, जुन्या धोतराच्या कापडातून गाळून वडी पाडली. मेण असं पुन्हा पुन्हा वापरता येतं, फक्त दर वेळी रंग थोडा काळवंडतो. एक कपच्याएवढी वडी आत्यानं खोबरेल घालून वेगळी ठेवली. आता आमच्या घरात दोघांच्या टाचा लाल असतात.

दुसरा गोळा शाबूत आहे. किल्ली पुतणीनं स्वतःकडं घेतली, आणि दिवाळीपर्यंत ती कुणाला द्यायची नाही असं ठरलंय. आत्याची त्याला काही हरकत नाही. तिनं फक्त परवा सहज चौकशी केली, की भाऊबीजेला सोलापूरचे किती जण येणार, आणि त्यांच्यातलं कुणी आधी, म्हणजे नवरात्रात वगैरे, येऊन जाणार आहे का.